ग्रंथिसम दंतजन्य अर्बुद

दात घडवणाऱ्या उपकलेच्या (पेशींच्या आवरण-थराच्या) अवशेषांपासून जबड्यात उद्भवणारे, सावकाश वाढणारे सौम्य, म्हणजे कर्करोग नसलेले, अर्बुद (गाठ). दंतवैद्यांच्या बोलण्यात ते ‘एओटी’ (अ‍ॅडिनोमॅटॉइड ओडोंटोजेनिक ट्यूमर). बहुतेक रुग्ण १० ते १९ वर्षांचे असतात. सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण मुली, तेवढीच अर्बुदे वरच्या जबड्यात, तेवढीच न उगवलेल्या दाताभोवती आणि त्या दातांतही दोन-तृतीयांश सुळे, असा एक आडाखा प्रचलित आहे. तो ढोबळ असला तरी लक्षात राहतो.

नावाचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील काही वर्णने याच अर्बुदाची असावीत; हार्बिट्झ यांचे १९१५ मधील वर्णन सामान्यतः पहिले सविस्तर मानले जाते. स्टॅफ्ने यांनी १९४८ मध्ये त्याला स्वतंत्र स्थान दिले, तरी ‘अ‍ॅडिनोअमेलोब्लास्टोमा’ हे नाव पुढेही चालू राहिले. अमेलोब्लास्टोमा हे जबड्याचे दुसरेच अर्बुद; तो हाड पोखरत पसरतो आणि पुन्हा उद्भवतो. हे अर्बुद तसे वागत नाही. या नामसाम्यापायी काही कोवळ्या जबड्यांवर गरजेपेक्षा मोठी शस्त्रक्रिया झाली. १९६९ मध्ये फिलिप्सेन आणि बिर्न यांनी सुचवलेले आजचे नाव जागतिक आरोग्य संघटनेने १९७१ च्या वर्गीकरणात स्वीकारले. २००५ मध्ये त्याची गणना निव्वळ उपकलाजन्य अर्बुदांत झाली.

हे खरे अर्बुद की केवळ विकासदोष (हॅमार्टोमा), हा वाद मिटलेला नाही. मर्यादित आकार आणि पुनरुद्भवाचा जवळजवळ अभाव विकासदोषाकडे बोट दाखवतात. उलट, बहुतांश नमुन्यांत पेशींच्या वाढीचे नियंत्रण करणाऱ्या केआरएएस जनुकाच्या १२व्या कोडॉनमध्ये (जनुकीय संकेताच्या एककात) उत्परिवर्तन, म्हणजे बदल, सापडले आहे. त्यामुळे अर्बुदाचे पारडे आता काहीसे जड वाटते. उगमाबाबत, कायमच्या दाताच्या कोशापासून हिरडीपर्यंत जाणाऱ्या तंतुमय दोरीतील दंतपटलाचे (दात घडवणाऱ्या उपकलेच्या पट्टीचे) अवशेष हा खुलासा अधिक पटण्याजोगा आहे. उपचाराच्या दृष्टीने मात्र या वादाने काहीच बदलत नाही.

वेदना सहसा नसते. सुळा वेळेवर आला नाही किंवा गालाजवळ फुगवटा दिसला, म्हणून एक्स-रे काढला जातो. दंतकोशाच्या पुटीत (न उगवलेल्या दाताभोवतीच्या द्रवभरल्या पिशवीत) काळी छाया दाताच्या मानेशी थांबते. येथे ती बरेचदा मुळाकडे उतरते आणि तीत चुन्याचे बारीक पांढरे ठिपके असतात. संपूर्ण जबड्याच्या चित्रात ते निसटू शकतात, तोंडात धरायच्या छोट्या फिल्मवर अधिक स्पष्ट उमटतात. सूक्ष्मदर्शकाखाली नलिकांसारख्या पोकळ्या दिसतात. त्यांवरूनच ‘ग्रंथिसम’ हे विशेषण आले, प्रत्यक्षात त्या ग्रंथी नव्हेत.

कवच जाड असल्याने अर्बुद अखंड सोलून काढता येते. अडकलेला दात बहुधा सोबत काढतात. काही रुग्णांत तो राखून तारांच्या साहाय्याने जागेवर आणला गेला आहे. हाडाची पोकळी मोठी असल्यास अस्थिरोपण करतात, म्हणजे ती हाडाने भरतात. पुनरुद्भव अत्यंत विरळा.

हाडाबाहेर, हिरडीतच वाढणारा प्रकार क्वचित आढळतो, बहुधा वरच्या पुढच्या दातांपाशी.