जर्मनीत जुनी शुत्सनब्युक्स घरी दुरुस्त करायचीय? चेंबरला हात लावायच्या आधी हे कागद बघा

गेल्या काही वर्षांत इथल्या शुत्सनफेराइनमध्ये म्हणजे नेमबाजी क्लबमध्ये आपली मराठी मंडळी बरीच दिसायला लागलीत आणि त्यातल्या दोघा-तिघांना जुन्या जर्मन टार्गेट रायफलींचं, म्हणजे शुत्सनब्युक्सचं, वेड लागलंय. वेड लागण्यासारखीच वस्तू आहे ती. जड आठकोनी नळी, अक्रोडाचा दस्ता, गालाला टेकायला कोरलेला उंचवटा, डोळ्याजवळ येणारी, बारीक भोकातून नेम धरायची डायॉप्टर साइट. पण परवान्याचे अर्ज नाकारले जाताना पण मी जवळून बघितलेत आणि कारणं दर वेळी तीच तीच असतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सगळ्यात मोठा घोळ १८७१ सालाचा. लोकांनी कुठेतरी ऐकलेलं असतं की १८७१ च्या आधीच्या बंदुकीला परवाना लागत नाही. अर्धवट खरं आहे. कायद्यातली तारीख आहे १ जानेवारी १८७१, आणि ती त्या बंदुकीचं मॉडेल कधी तयार झालं याची आहे, तुमची बंदूक कधी बनली याची नाही. आणि सूट मिळते ती टोपीवाल्या एकनळी ठासणीच्या, चकमकीच्या वगैरे बंदुकांना. धातूच्या काडतुसाच्या रायफलीला नाही. ज्याला आपण जुनी जर्मन टार्गेट रायफल म्हणतो ती बरेचदा आय्ट पद्धतीची (नळीचं मागचं तोंड बंद करण्याची एक रचना) असते, ते पेटंटच १८८४ चं, झूल गावच्या हेनल कंपनीने ती बनवली, आणि काडतूस ८.१५ × ४६ आर, जे १८९० च्या दशकात आलं. म्हणजे सव्वाशे वर्षं जुनी असली, भिंतीवर कितीही शोभली, तरी कायद्याच्या नजरेत ती पूर्ण परवान्याची बंदूक. आमच्या क्लबमधल्या एका मुलाने लिलावात 'अँटिक' शब्द बघून बोली लावली, पैसे भरले, आणि विक्रेत्याने वे-बे-का म्हणजे वाफेनबेझित्सकार्टे, बंदूक बाळगायचा परवाना, मागितल्यावर बिचारा हबकला. विक्रेता बरोबर होता. पैसे परत मिळायला तीन महिने गेले.

आता वे-बे-का कोणाला मिळतं. नागरिकत्व जर्मन असलंच पाहिजे असं नाही, पण आपल्या लोकांना न सांगितलेली अट अशी की जर्मनीत तुमचं सलग पाच वर्षं वास्तव्य नसेल तर शस्त्र परवान्याचं कार्यालय अर्ज नाकारू शकतं. 'नाकारू शकतं' असं आहे, 'नाकारतंच' नाही, पण दोन वर्षांच्या ब्लू कार्डवर अर्ज टाकून नकार अंगावर घेण्यात काही अर्थ नाही, आधी फोन करून विचारा. वय २५ च्या आत असेल तर पहिल्या अर्जाला मानसिक योग्यतेचं सर्टिफिकेट लागतं. झाखकुंडे म्हणजे शस्त्रज्ञानाची परीक्षा अभ्यास केला की सुटते. पोलीस आणि इतर खात्यांकडची चौकशी कार्यालय स्वतः करतं, त्यात तुम्हाला काही करायचं नसतं.

खरं अडतं ते बेड्युर्फनिसवर, म्हणजे तुम्हाला बंदुकीची गरज आहे हे सिद्ध करण्यावर. क्लब मान्यताप्राप्त संघटनेशी जोडलेला हवा आणि तुम्ही किमान १२ महिने नियमित नेमबाजी केलेली हवी, म्हणजे महिन्यातून एकदा तरी किंवा वर्षभरात विखुरलेल्या १८ वेळा. इथे कळ अशी की ही नेमबाजी परवाना लागणाऱ्या बंदुकीने केलेली हवी. एअर रायफलचे महिने मोजत नाहीत! आपल्यातले निम्मे लोक पहिलं वर्ष एअर रायफलवर काढतात, मग नेमबाजीच्या नोंदींची वही घेऊन कार्यालयात जातात आणि तिथली बाई पानं उलटून शांतपणे वही परत करते. पहिल्या दिवसापासून क्लबची पॉइंट २२ रायफल वापरा आणि प्रत्येक वेळी वहीत सही-शिक्का घ्या, घरी जाताना आठवेल म्हणून सोडू नका. वही भिजली, हरवली की वर्ष गेलं. जुनी एकनळी एकगोळी रायफल पिवळ्या (नेमबाजांसाठीच्या) वे-बे-कावर बसते, त्यावर एकूण दहा बंदुका चालतात, सहा महिन्यांत दोनच घेता येतात, आणि घेतल्यावर दोन आठवड्यांत कळवायचं. ठेवायला किमान ग्रेड शून्यचं, ई-एन ११४३-१ या मानकाचं तिजोरीसारखं कपाट लागतं, बंदूक यायच्या आधी.

सासऱ्यांची बंदूक वारशाने आली असेल तर वारसा स्वीकारल्यापासून एक महिना, एवढाच वेळ असतो अर्जाला. लोक तेराव्याच्या, कागदपत्रांच्या, घर आवरण्याच्या गडबडीत असतात आणि महिना निघून जातो. दुःखात कोणाला सुचणार हे मलाही कळतं, पण घरात बंदूक आहे माहीत असेल तर पहिल्याच आठवड्यात एक पत्र टाका. तुम्ही नेमबाज नसाल तर बंदुकीत ब्लॉकिंग सिस्टीम म्हणजे ती झाडता येऊ नये असं कुलूप बसवावं लागतं, ते अधिकृत कारागीरच बसवतो.

आता मुख्य मुद्दा. घरी काय करता येतं आणि काय नाही. कायदा याबाबत चक्क स्पष्ट आहे आणि तरीही लोक इथेच फसतात. दस्त्यावरचं किंवा साइटवरचं किरकोळ काम म्हणजे बंदुकीवर 'काम करणं' धरलं जात नाही. जुनं शेलॅक काढून जवसाचं तेल चोळा, दस्त्याला पडलेली बारीक चीर भरा, डायॉप्टरचा हरवलेला स्क्रू बसवा, खुशाल करा. पण नळी आखूड केली, किंवा दुसरं काडतूस चालेल असा बदल केला, किंवा घासून बसवायला लागणारा महत्त्वाचा भाग बदलला की त्याला परवानगी लागते. चेंबर म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, ती बदलणं थेट यात येतं. ही परवानगी म्हणजे शस्त्र कायद्याच्या कलम २६ चा एर्लाउबनिसशाइन (परवानगीपत्र), बिनव्यावसायिक, जास्तीत जास्त तीन वर्षांचा, आणि त्यावर किती व कुठल्या बंदुका ते लिहिलेलं असतं. तुमचं वे-बे-का म्हणजे ही परवानगी नव्हे. ती बंदूक तुमची आहे, म्हणून तिचं चेंबर कापायचा हक्क आपोआप मिळत नाही.

आणि कागद मिळाला तरी संपत नाही. चेंबर बदललं की बेशुसआम्टमध्ये पुन्हा बेशुस, म्हणजे सरकारी चाचणी, लागते. झूल, उल्म, म्युनिक, मेलरिखश्टाट इथे ही कार्यालयं आहेत. रायफलीला नेहमीच्या कमाल दाबापेक्षा २५ टक्के जास्त दाबाचं काडतूस झाडून बघतात आणि पास झाली तर शिक्का मारतात. जुन्या नळीखाली तुम्हाला मुकुटाखाली अक्षर असे बारीक शिक्के दिसतील, ते १८९१ च्या कायद्याचे. ते घासून 'चकाचक' करू नका, बंदुकीचा इतिहास तिथेच लिहिलेला असतो. पॉइंट २२ हॉर्नेटसारख्या काडतुसात बदलायचा मोह होतो कारण ते दुकानात मिळतं, पण त्याचा दाब जुन्या कॅलिबरपेक्षा बराच जास्त, आणि सव्वाशे वर्षं जुना लोखंडी ब्लॉक तो सोसेलच याची खात्री कारागीर देईल, तुम्ही नाही.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं की चेंबर तसंच राहू द्या. ८.१५ × ४६ आर मेलेलं नाही, काडतूस बनवायचे साचे मिळतात, अमेरिकन ३०-३० च्या रिकाम्या केसेसपासून काडतूस बनवणारे लोक आहेत. फक्त काडतूस स्वतः भरायचं तर स्फोटक कायद्याच्या कलम २७ चा परवाना लागतो, आणि इथेही एक खोच आहे: त्या परवान्याच्या कोर्सला बसायच्या आधीच उनबेडेंकलिखकाइट्सबेशाइनिगुंग म्हणजे हरकत नसल्याचा दाखला हातात हवा. लोक आधी कोर्सची फी भरतात, मग दाखल्यासाठी आठवडे थांबतात आणि जागा जाते. दाखल्याचा अर्ज आधी, कोर्सचं बुकिंग नंतर.

तरीही बदलायचंच असेल तर ब्युक्सनमाखरकडे म्हणजे बंदूक कारागिराकडे द्या, त्याच्याकडे धंद्याचा परवाना असतो आणि बेशुसला पाठवणं तोच बघतो. नेताना बंदूक रिकामी, कुलूपबंद पेटीत, सोबत वे-बे-का. परत आल्यावर नवा शिक्का बघा आणि वे-बे-कात कॅलिबरची नोंद बदलून घ्या, कारण कागदावर ८.१५ आणि नळीत दुसरंच काही असेल तर तपासणीत पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाणार.