नियामक जनुके आणि वनस्पती संप्रेरके

संप्रेरक (हार्मोन) घडवणाऱ्या विकरांची (एन्झाइमांची) जनुके कोणत्या पेशीत, केव्हा आणि किती चालायची हे ठरवणाऱ्या जनुकांना नियामक जनुके म्हणतात. ती स्वतः संप्रेरक बनवत नाहीत. त्यांच्यापासून तयार झालेले प्रथिन दुसऱ्या जनुकाच्या आरंभीच्या भागावर जाऊन बसते आणि त्याचे काम सुरू करते किंवा थांबवते. ऑक्झिन, जिबरेलिन, सायटोकायनिन, ॲब्सिसिक आम्ल व इथिलीन या पाचही प्रमुख संप्रेरकांच्या उत्पादनावर अशी राखण असते.

खोडाच्या शेंड्यातील ‘नॉक्स’ गटाची जनुके याचे सोपे उदाहरण. ती जिबरेलिन बनवणारे विकर दाबून ठेवतात आणि सायटोकायनिन वाढवतात; म्हणून शेंड्यातील पेशी विभागत राहतात, पण लवकर पान किंवा खोड होऊन बसत नाहीत. जळगावच्या ऊतीसंवर्धन प्रयोगशाळांत ग्रँड नैन जातीच्या केळीच्या कंदाचा शेंडा बाटलीत घालून त्याला बाहेरून सायटोकायनिन देतात आणि एका शेंड्याचे अनेक फुटवे काढतात. खाण्याच्या केळीत बी धरत नसल्याने एरवी कंदांवरच भागवावे लागते.

जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल, सावदा, चोपडा या केळीच्या पट्ट्यात मात्र जास्त बोलबाला फळ पिकवणाऱ्या इथिलीनचा. घड हिरवा कापतात. बराच माल तसाच उत्तरेकडे जातो आणि तिकडे पिकतो. फळात मेथिओनिन या अमिनो आम्लापासून आधी एसीसी नावाचे संयुग व त्यापासून इथिलीन बनते. हे दोन टप्पे एसीसी सिंथेज आणि एसीसी ऑक्सिडेज ही विकरे पार पाडतात. ती चालवणाऱ्या साखळीत ‘मॅड्स’ गटाची नियामक जनुके वरच्या जागी आहेत. टोमॅटोतील याच गटाचे ‘रिन’ जनुक 2002 मध्ये ओळखले गेले. ते बिघडलेले टोमॅटो नीट पिकतच नाहीत. केळीत ‘एमएमॅड्स 1’ किंवा ‘एमएमॅड्स 2’ दाबल्यावर फळे उशिरा पिकल्याचे 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. बाहेरून इथिलीन दिल्यावर मात्र ती फळे नेहमीसारखीच पिकली.

रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे फळे पिकवण्याच्या बंद खोलीत, साधारण 16 ते 18 अंश तापमानाला, दशलक्षात 100 भाग एवढे इथिलीन सुमारे 24 तास देतात. बाहेर काढताना फणी हिरवीच दिसते. पण तोवर फळाच्या आतले कारखाने सुरू झालेले असतात आणि फळाचे स्वतःचे इथिलीन आणखी इथिलीन बनवायला लावते. पिकणे गरापासून सुरू होते, साल मागून येते. काही दिवसांनी फणीतले केळ मध्ये पिवळे आणि दोन्ही टोकांना हिरवे दिसते. चेंबरवाल्याचे काम खरे तर फक्त चावी फिरवण्याचे. गाडी फळ स्वतःच ओढते.

उन्हाळ्यात हे गणित बिघडते. सुमारे 24 अंशांच्या वर ग्रँड नैनच्या सालीतील हरितद्रव्य पुरते मोडत नाही. गरातला स्टार्च मात्र साखर होत राहतो. मे महिन्यात जळगावचा पारा 45 कडे सरकलेला असताना चेंबर नीट थंड राहिले नाही, तर माल आत मऊ व गोड आणि बाहेरून हिरवा निघतो. खाऊन पाहणारा खूश होतो, गिऱ्हाईक मात्र हातही लावत नाही.