डांबर फासलेली राणी आणि तिला घडवणारा मॅथ्यू नोबल

१८९६ साली मुंबईत एका सकाळी लोकांनी पाहिलं, तर व्हिक्टोरिया राणीच्या शुभ्र संगमरवरी पुतळ्याला कुणीतरी रातोरात डांबर फासलं होतं आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली होती. पोलिसांना त्या वेळी काहीच सुगावा लागला नाही. पुढच्या वर्षी, २२ जून १८९७ला, पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली, दामोदर हरी चाफेकर पकडले गेले, आणि डांबरही आपणच फासलं होतं असं त्यांनी सांगून टाकलं. चाफेकरांची गोष्ट आपल्याकडे शाळेपासून सांगितली जाते. तो पुतळा कोणी दिला, हेही इतिहासाची आवड असलेल्यांना ठाऊक असतं: बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी. घडवला कोणी, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. त्याचं नाव मॅथ्यू नोबल. मुंबईत सोडाच, खुद्द लंडनमध्येही ते आज फारसं कुणाच्या तोंडी नाही, आणि तिथे तर पार्लमेंटसमोर त्याने घडवलेले दोन पुतळे उभे आहेत.

नोबलचा जन्म १८१७ सालचा, इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातल्या हॅकनेस या खेड्यातला. स्कारबरो या समुद्रकाठच्या गावापासून हे खेडं जवळच. वडील पाथरवट, तेव्हा छिन्नी-हातोड्याचा आवाज घरचाच. पोरगा पुढे लंडनला जॉन फ्रान्सिस या शिल्पकाराकडे शिकायला राहिला, आणि त्याच्या पुढच्या वाटचालीचं बरंचसं गमक या गुरूच्या निवडीत आहे. जॉन फ्रान्सिस हा सर फ्रान्सिस चँट्री या शिल्पकाराचा चेला. चँट्री म्हणजे त्या काळातला व्यक्तिशिल्पांचा बादशहा. मुंबईच्या टाउन हॉलमधले, म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीतले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि जॉन माल्कम त्याच्याच हातचे. या घराण्याची रीत ठरलेली होती. चेहरा हुबेहूब हवा, अंगावर भारदस्त वस्त्र हवं, आणि उभं राहणं असं हवं की गिऱ्हाइकाला आपला माणूस मोठा वाटावा. शिवाय जॉन फ्रान्सिसला राणी आणि तिचा नवरा प्रिन्स अल्बर्ट यांचे अर्धपुतळे करण्याची कामं मिळत. शिष्याला राजघराण्याच्या दारापर्यंतची पायवाट आयतीच दिसली.

१८४५पासून नोबल लंडनच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेच्या प्रदर्शनात कामं मांडू लागला, ते थेट मरेपर्यंत. सुमारे शंभर कामं त्याने तिथे ठेवली, त्यांत बहुतेक अर्धपुतळेच: बिशप, लॉर्ड, गिरणीमालक, डॉक्टर. एवढं करून अकॅडमीचं सभासदत्व त्याच्या वाट्याला आलं नाही. टीकाकारांना तो साधारण वाटे, आणि खरं सांगायचं तर ते अगदीच चुकीचे नव्हते.

त्याचं नशीब फळफळलं ते मँचेस्टरमुळे. १८५२मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टन वारला आणि इंग्लंडातल्या गावागावांत त्याची स्मारकं उभारण्याची चढाओढ लागली. हा वेलिंग्टन म्हणजे १८०३ साली असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली. मँचेस्टरच्या स्मारकासाठी स्पर्धा झाली आणि बाकीच्या इच्छुकांना मागे टाकून काम नोबलला मिळालं. यावरून गावात बरीच कुरकुर झाली. लोकांना ड्यूक घोड्यावर हवा होता. नोबलने त्याला जमिनीवर उभा केला, भाषण करायला उठलेल्या मुत्सद्द्यासारखा, आणि भोवती चार रूपकात्मक आकृत्या बसवल्या. १८५६मध्ये पुतळा बसला आणि कुरकुर विरली. कामं मात्र येतच राहिली.

मुंबईकराने इथे जरा थांबावं, कारण मँचेस्टर आणि मुंबई ही गावं त्या काळात एकाच कापसाच्या गाठीने बांधलेली होती. १८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला, आणि लँकेशरच्या, म्हणजे मँचेस्टरच्या परिसरातल्या, गिरण्या थंडावल्या. मजुरांची उपासमार झाली. इकडे मुंबईत मात्र कापसाचे भाव आकाशाला भिडले आणि पैसा वाहू लागला. नोबलच्या कामात या व्यवहाराच्या दोन्ही बाजू सापडतात. मँचेस्टरने अल्बर्टचं स्मारक त्याच्याकडूनच करून घेतलं. अल्बर्ट वारला १८६१च्या डिसेंबरात. तिथल्या गॉथिक छत्रीचा आराखडा टॉमस वर्दिंग्टनचा, आतला पुतळा नोबलचा. पण गिरण्या बंद असताना अशा खर्चाला हात आखडणारच, त्यामुळे अनावरणाला १८६७ उजाडलं. पुढे लंडनच्या पार्लमेंट चौकात त्याने पंतप्रधान अर्ल ऑफ डर्बीचा ब्राँझचा पुतळा केला. १८७४मध्ये तेव्हाचा पंतप्रधान डिझरायली याने त्याचं अनावरण केलं. त्याच्या चौथऱ्यावरच्या उठावचित्रांपैकी एकात लँकेशरच्या उपाशी मजुरांसाठी मदत गोळा करणाऱ्या समितीची बैठक आहे.

आणि मुंबईत? १८६२मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची पायाभरणी झाली. जॉर्ज बर्डवुड, भाऊ दाजी, जगन्नाथ शंकरशेट यांनी त्यासाठी वर्गणी जमवायचा चंग बांधला होता. त्यात डेव्हिड ससून यांनी आत ठेवायला अल्बर्टचा पुतळा देऊ केला, आणि काम लंडनला नोबलकडे गेलं. ससून स्वतः १८६४मध्ये पुण्यात वारले. १८६५मध्ये युद्ध संपलं, शेअर बाजार कोसळला, अनेक पेढ्या बुडाल्या, म्युझियमचं बांधकाम रेंगाळलं. दारं उघडली ती १८७२मध्ये. बगदादहून आलेला ज्यू सावकार, मँचेस्टरला अल्बर्ट घडवून चुकलेला यॉर्कशरचा पाथरवट आणि चौथऱ्यावर इंग्रजीच्या जोडीला हिब्रू लेख: तेव्हाची मुंबई काय प्रकरण होतं हे या एका पुतळ्यावरून कळावं.

त्याच वर्षी राणीही आली. ती खंडेरावांची देणगी. खंडेराव गायकवाड १८५७च्या धामधुमीत इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले होते, आणि खर्च करायचा तर दिपवून टाकणारा, असा त्यांचा खाक्या होता. मोत्यांचा गालिचा विणवून घेणारे महाराज ते हेच. राणीच्या पुतळ्याचा खर्च १ लाख ८२ हजार ४४३ रुपये असा नोंदलेला आहे. संगमरवरी सिंहासनावर बसलेली राणी, डोक्यावर उंच कोरीव गॉथिक छत्री, तिच्यावर ‘स्टार ऑफ इंडिया’ या सरकारी किताबाचं चिन्ह, नक्षीत इंग्लंडचा गुलाब आणि हिंदुस्थानचं कमळ शेजारी शेजारी. सगळं मिळून चाळीस फुटांच्या वर. १८७२मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुकच्या हस्ते अनावरण झालं. खंडेरावांनी ते पाहिलं नाही. ते १८७०मध्येच गेले होते.

नोबललाही मुंबई पाहण्याची गरज नव्हती. तेव्हाचा व्यवहारच तसा होता. शिल्पकार मातीचा नमुना करी. त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यावरून प्लास्टरची प्रत. मग त्या प्रतीवर ठिकठिकाणी खुणेचे बिंदू पाडत आणि मापं घेण्याच्या एका यंत्राच्या सुईने प्रत्येक बिंदूची खोली संगमरवरात उतरवत. भोकं पाडत, मधला दगड काढून टाकत, आणि हळूहळू आतून राणी बाहेर येई. हे सगळं कारागीर करत. गुरू शेवटी येऊन डोळ्यांच्या कडा, ओठ, हाताच्या बोटांवरून हात फिरवणार, तोही जमलं तर. नोबलच्या कारखान्यात जोसेफ एडवर्ड्स हा वेल्सचा गुणी शिल्पकार कामाला होता. तो स्वतः उत्तम कलावंत, पण धंद्याचं अंग नव्हतं. नोबलकडे ते भरपूर होतं. एका वेळी इतकी कामं अंगावर घेणारा माणूस प्रत्येक दगडाला स्वतः किती हात लावत असेल, ही शंका रास्त आहे.

धंद्याचं हे अंग त्याच्या लंडनमधल्या कामांतही दिसतं. टेम्सच्या काठी एम्बँकमेंटवर १८७१पासून जेम्स औट्रमचा ब्राँझचा पुतळा उभा आहे. खानदेशात हे नाव नवं नाही: १८२५पासून धरणगावला ठाण मांडून भिल्ल पलटण उभी करणारा तोच हा औट्रम. जॉन हेन्री फोली या शिल्पकाराने कलकत्त्यासाठी याच औट्रमला घोड्यावर बसवलं, लगाम खेचून मागे वळून पाहणारा; तो पुतळा पाहणाऱ्याला धडकीच भरावी. नोबलचा औट्रम आपला शांत उभा. चेहरा बरोबर, तलवार जागेवर, तक्रारीला वाव नाही. कंटाळवाणा म्हणा हवं तर, पण समित्यांना हेच हवं असे. वेळेवर आणि ठरल्या रकमेत काम करून देणारा, कुणाला न दुखावणारा शिल्पकार त्यांना फोलीच्या प्रतिभेपेक्षा सोयीचा वाटे.

एका ठिकाणी मात्र नोबल सवयीबाहेर गेला. अमेरिकेच्या उत्तरेकडून पॅसिफिकला जाणारा वायव्य मार्ग शोधायला १८४५मध्ये निघालेला सर जॉन फ्रँकलिन परत आलाच नाही. १२९ माणसं बर्फात संपली. त्याच्या बायकोने, लेडी जेनने, वर्षानुवर्षं शोधमोहिमा पाठवल्या आणि नवऱ्याचं नाव मोठं ठेवण्यासाठी जिवाचं रान केलं. १८६६मध्ये लंडनच्या वॉटर्लू प्लेसमध्ये पुतळा उभा राहिला. फ्रँकलिन आपल्या माणसांना मार्ग सापडल्याची वार्ता सांगतो आहे, असा तो क्षण. चौथऱ्यावर बर्फातल्या त्याच्या दफनविधीचं उठावचित्र आहे: शवपेटी, भोवती गोळा झालेले खलाशी, प्रार्थना म्हणणारा कॅप्टन क्रोझियर. हे दृश्य पाहून परत आलेला एकही माणूस नव्हता. फ्रँकलिनची कबर आजतागायत सापडलेली नाही. म्हणजे नोबलने सगळं मनाने रचलं, आणि गंमत अशी की चेहरे समोर बसवून केलेल्या त्याच्या कित्येक कामांपेक्षा हे न पाहिलेलं दृश्य जास्त जिवंत उतरलं. टास्मानियात होबार्टच्या चौकातही त्याचाच फ्रँकलिन आहे.

नोबलची तब्येत पहिल्यापासून नाजूक. १८७६च्या जानेवारीत इंग्लंडातल्या अॅबट्स रिप्टनजवळ रेल्वेचा भीषण अपघात झाला. हिमवादळात सिग्नलचे हात गोठून ‘जाऊ द्या’ याच स्थितीत अडकले आणि गाड्या एकमेकींवर आदळल्या. मेलेल्यांत नोबलचा मुलगा होता. बाप त्यातून सावरला नाही. २३ जूनला तोही गेला. अर्धवट राहिलेली कामं एडवर्ड्सने पुरी केली. बायकोने घरातले प्लास्टरचे नमुने न्यूकॅसल शहराला देऊन टाकले आणि ते तिथल्या एल्सविक हॉलमध्ये मांडले गेले.

पुतळे एका जागी स्वस्थ राहत नाहीत, हे नोबलच्या बाबतीत जरा जास्तच खरं ठरलं. १८७५मध्ये मँचेस्टरला त्याचा ऑलिव्हर क्रॉमवेल बसला, ओबडधोबड ग्रॅनाइटच्या शिळेवर. राजाचं मुंडकं उडवणाऱ्याचा असा पुतळा शहराच्या मध्यात! नव्या टाउन हॉलच्या उद्घाटनाला १८७७मध्ये राणी आली नाही, ती या पुतळ्यावरच्या रागाने, अशी तिकडे वदंता आहे. पुढे विसाव्या शतकात क्रॉमवेलला तिथून उचलून शहराच्या दक्षिण भागातल्या विदनशॉच्या बागेत नेलं.

मुंबईच्या राणीचं डांबर काही साध्या धुण्याने निघेना. संगमरवर सच्छिद्र असतो. तेलकट काळा डाग आत मुरतो, खरवडावं तर पृष्ठभाग जातो, आणि तीव्र आम्ल लावावं तर दगडच विरघळतो. शेवटी विल्सन कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी तो डाग काढून दाखवला आणि त्यांचं नाव सगळीकडे झालं. मूळचे सुरतेचे गज्जर मुंबईत येण्यापूर्वी बडोद्याला होते, सयाजीरावांच्या काळात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था उभी करत. बडोद्याच्या पैशाने आलेली राणी शेवटी बडोद्याहून आलेल्या माणसाने स्वच्छ केली.

स्वातंत्र्यानंतर, १९६०च्या दशकात, रस्त्यांवरचे इंग्रजी पुतळे हलवण्याची मागणी जोर धरू लागली आणि काळ्या घोड्यासह राणीही भायखळ्याला संग्रहालयाच्या आवारात आली. छत्री तिच्यासोबत आली नाही. तिथे पाहायला जायचं तर आधी आत जाऊन अल्बर्ट पाहावा. त्याने ऊन-पाऊस सोसलेला नाही. विज्ञान आणि कला यांच्या आकृत्या, हिब्रू अक्षरं, वस्त्राच्या घड्यांच्या कडा, सगळं नीट वाचता येतं. मग बाहेर येऊन राणीकडे पाहावं. तीच घड्यांची रीत, तोच कारखाना. पण दीडशे वर्षं उघड्यावर काढलेल्या दगडाचं काय होतं, ते शेजारीच ताडून पाहता येतं.