अंतर तेच, मग अमेरिकेला जाताना जास्त वेळ आणि येताना कमी का?

आपल्या कोल्हापुरात राजारामपुरी घ्या नाहीतर शाहूपुरी, कुणाचं ना कुणाचं पोरगं अमेरिकेला असतंच, आणि ते निघालं की घरचे मोबाईलवर विमान कुठवर गेलं ते बघत बसतात. मग हमखास प्रश्न येतो, न्यूयॉर्क तर पश्चिमेला, मग मुंबईवरून उडालेलं विमान वर उत्तरेला कशाला चाललंय?

भिंतीवरच्या नकाशात याचं उत्तर सापडत नाही, कारण गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली की ध्रुवांकडचा भाग ताणला जातो (ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं, खरं तर आफ्रिका त्याच्या 14 पट मोठी आहे). घरात पृथ्वीचा गोल असेल तर त्यावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरा, तो आपोआप वर सरकून आइसलंडवरून जातो. हे अंतर भरतं साधारण 12,550 किमी. नकाशावर पट्टीनं आखलेल्या रेघेवरून गेलं तर 14,200 च्या आसपास! अर्थात वारा, वादळं, कुठल्या देशाचं आकाश बंद आहे हे सगळं बघून पायलटला रोज थोडीफार वाट बदलावी लागतेच.

पण खरी मजा वेळेत आहे. जाताना 16 तासांच्या आसपास, येताना तास-दीड तास कमी. बरेच जण म्हणतात पृथ्वी फिरते म्हणून, पण तसं असतं तर उलट व्हायला पाहिजे होतं, कारण पृथ्वी पूर्वेकडेच फिरते म्हणजे मुंबई पुढं पळाली असती ना. हवा पण पृथ्वीबरोबरच फिरते, त्यामुळं तो हिशेब लागूच होत नाही.

खरं कारण जेट स्ट्रीम. 9 ते 12 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा, विषुववृत्ताकडची गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्यातल्या फरकामुळं तयार होतो आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळं पूर्वेकडे वळतो. पंचगंगेत धारेबरोबर पोहणं आणि धारेविरुद्ध पोहणं, तसंच हे. विमानाचा हवेतला वेग ताशी 900 किमी आणि वारा 150 चा धरा, तर जमिनीवरून मोजलेला वेग एकीकडे 1,050 आणि दुसरीकडे 750.

हा वारा 1920 च्या दशकात जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशींनी फुगे सोडून मोजला होता, पण रिपोर्ट एस्पेरांतो या मुद्दाम बनवलेल्या भाषेत छापला आणि जगात फारसा कुणी वाचलाच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. फेब्रुवारी 2020 मध्ये याच वाऱ्यावर ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं, एरवी सहा-सात तास लागतात.

आणि हो, तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात, नुसती वजाबाकी करू नका. जानेवारीत रात्री 2 ला मुंबईहून उडालेलं विमान 16 तासांनी उतरतं तेव्हा आपल्याकडं संध्याकाळचे 6 आणि तिकडं सकाळचे साडेसात. उन्हाळ्यात तिकडं घड्याळ तासभर पुढं करतात, तेव्हा साडेआठ.