पिकअपचे पाटे आणि सातपुड्याची वाट

गेल्या काही वर्षांत धुळे-जळगावच्या रस्त्यांवर उंच केलेली, रुंद खाचांचे टायर चढवलेली आणि पुढे विंच (अडकलेली गाडी तारेने ओढून काढणारे यंत्र) बसवलेली पिकअप अधूनमधून दिसू लागली आहे. सुटीच्या दिवशी ती सातपुड्यातल्या तोरणमाळच्या नाहीतर पालच्या दिशेने निघते आणि चहाच्या टपरीवरचे लोक तिच्याकडे शहरी शौक म्हणून पाहतात. वास्तविक पिकअपमध्ये फेरफार करणे खानदेशाला मुळीच नवे नाही. नवे आहे ते त्यामागचे कारण. आजवर इथे गाडी बदलली गेली ती मालासाठी, आता ती वाटेसाठी बदलली जाते आहे, आणि हे दोन बदल एकमेकांच्या उलट दिशेला जातात.

पिकअप हे वाहनच मुळी फेरफारातून जन्मले. अमेरिकेतील शेतकरी मोटारीचा मागचा भाग काढून तिथे लाकडी पेटी बसवत असत. फोर्ड कंपनीने कारखान्यातूनच हौदा बसवून दिलेली मॉडेल टी १९२५ साली विक्रीस आणली. ऑस्ट्रेलियात एका शेतकऱ्याच्या पत्नीने याच कंपनीला पत्र लिहून रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरे बाजारात नेता येतील अशी एकच गाडी मागितली, आणि ल्यू बँट या तरुण अभियंत्याच्या आराखड्यावरून १९३४ मध्ये तिथली ‘यूट’ तयार झाली. डुकरांच्या जागी केळी घातली, तर हे पत्र रावेर-यावलच्या एखाद्या घरातून गेले असावे असेच वाटते.

चारही चाकांना ओढ देण्याची कल्पना मात्र वेगळ्या वाटेने आली. १९३० च्या दशकात अमेरिकेतील मार्मन-हेरिंग्टन ही कंपनी फोर्डच्या तयार ट्रकना पुढचा चालता एक्सल (इंजिनाच्या जोरावर चाके फिरवणारा आस) बसवून देत असे. दुसऱ्या महायुद्धात विलीज जीपने ही रचना जगभर पोहोचवली आणि युद्धानंतर, १९४७ पासून, महिंद्राने भारतात जीपची जुळणी सुरू केली. १९४८ मध्ये आर्थर वॉर्न यांनी जीपसाठी ‘लॉकिंग हब’ बनवण्यास प्रारंभ केला. साध्या रस्त्यावर पुढची चाके एक्सलपासून सोडवून घ्यायची आणि चिखल लागला की खाली उतरून हाताने पुन्हा जोडायची, अशी ही सोय होती. त्यामुळे इंधनही वाचे आणि पुढच्या गिअरची झीजही कमी होई. कारखान्याने दिलेल्या गाडीला बाहेरच्या माणसाने सुधारून देण्याच्या व्यवसायाचे हे ठळक उदाहरण मानता येईल.

खानदेशात जीप आणि तिचे लांबुडके भाऊबंद काळीपिवळी होऊन शहादा-धडगावसारख्या वाटांवर धावले. त्यांच्यामागून, १९८८ च्या टाटामोबाइलपासून पुढे, मालवाहू पिकअप आल्या. तापीकाठची काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, पहिल्या पावसात फुगते आणि चाकाला अशी चिकटते की टायरच्या खाचा भरून तो गुळगुळीत होतो. ‘गाडी रुतनी’ एवढे दोन शब्द ऐकू आले की शेजारच्या मळ्यातला ट्रॅक्टर कोणी न सांगता निघतो. अशा शिवाररस्त्यावरून क्षमतेपेक्षा जास्त घड भरून गाडी बाहेर काढायची म्हणजे तिची मागची बाजू बसू न देणे हाच मुख्य प्रश्न असतो, आणि त्याचे इथले उत्तर एकच: पाटा, म्हणजे एक्सलवर गाडीचा भार पेलणाऱ्या स्प्रिंगमधली कमानदार पोलादी पट्टी, वाढवणे.

हे काम महामार्गालगतच्या कमानपाट्याच्या दुकानात चालते. एका दुपारी मी ते शेवटपर्यंत पाहिले. मागचा एक्सल लाकडी ठोकळ्यांवर टेकवून कारागिराने यू-बोल्ट सैल केले, सेंटर बोल्ट काढला आणि पाट्यांचा जुडगा जमिनीवर पत्त्यांसारखा पसरला. सपाट झालेला पाटा भट्टीत लाल करून घणाच्या बेताच्या ठोक्यांनी त्याला पुन्हा कमान दिली. मोजपट्टी कुठेच नव्हती. जुन्या मेन पाट्यावर नवा पाटा ठेवून दोहोंमधली फट तो डोळ्यांनीच जोखत होता. शेवटी दोन जादा पाटे घालून जुडगा आवळला, तेव्हा रिकामी गाडी मागून तीन-चार बोटे वर उचलली गेली होती.

मालासाठी हा उपाय चोख आहे. हीच गाडी रिकामी करून सातपुड्यात नेली की त्याचा दोष दिसतो. कडक पाटे खडकावर वाकत नाहीत. एक चाक दगडावर चढले की दुसरे हवेत लटकते. एक्सलवरच्या दोन चाकांना कमीजास्त वेगाने फिरू देणाऱ्या साध्या डिफरन्शियलची खोड अशी, की ज्या चाकाला अडथळा कमी त्याच चाकाची फिरकी वाढते. म्हणजे लटकलेले चाक गरगर फिरते आणि गाडी जागची हलत नाही. शिवाय इथल्या बहुतेक पिकअप केवळ मागच्या चाकांवर चालतात आणि रिकाम्या हौद्याखाली त्या चाकांवर पुरेसे वजनच नसते. म्हणून जुने चालक घाटात रिकामे जाताना मागे वाळूची पोती टाकतात. ग्रंथांत न सापडणारा हा शहाणपणा यंत्रशास्त्रात अगदी बरोबर बसतो.

प्रवासासाठीचा फेरफार याच्या नेमका उलट मागतो: मऊ आणि लांब हालणारे पाटे, त्यांना साजेसे शॉकअब्सॉर्बर, दोन्ही चाके एकत्र जखडणारे डिफरन्शियल लॉक, आणि हवा बरीच उतरवली तरी कड न फाटणारे टायर. ही समज प्रामुख्याने दोन वाळवंटी मुलखांत घडली. मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात १९६७ मध्ये हजार मैलांच्या आसपासची शर्यत सुरू झाली आणि गाडीच्या प्रत्येक भागाची तिथे कसोटी लागली. ऑस्ट्रेलियात १९७५ साली मेलबर्नमध्ये एआरबी ही कंपनी उभी राहिली. कांगारूंची धडक सोसणारे लोखंडी बंपर, टपावरचे रॅक आणि पुढे हवेच्या दाबाने चालणारे लॉक ही तिची ओळख झाली. भारतात या सामानाला साजेशी गाडी उशिरा आली: इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आणि टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये. दोहोंच्या मागे आजही पाटेच आहेत, ही गोष्ट आमच्या कमानपाटेवाल्यांना सुखावणारी आहे.

बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू इथे लागू पडतेच असे नाही. कांगारूसाठीचा बंपर आपल्याकडे पादचाऱ्याला घातक ठरतो आणि एअरबॅगच्या कामात अडथळा आणू शकतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना असे बंपर रोखण्यास सांगितले. स्नॉर्केलची, म्हणजे इंजिनाला उंचावरून हवा देणाऱ्या नळीची, गोष्ट थोडी वेगळी आहे. इंजिनात पाणी गेले तर ते हवेसारखे दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, म्हणून हवेची वाट उंचावर नेणे शास्त्राला धरूनच आहे. पण अनेर किंवा गोमाईला पूर आलेला असताना फरशी पुलावर प्रश्न इंजिनाच्या श्वासाचा नसतो, तर हलक्या हौद्याखालून गाडी उचलणाऱ्या पाण्याचा असतो, आणि तिथे स्नॉर्केल काही कामाचा नाही.

कायद्याची चौकटही हळूहळू आवळत गेली. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ वाहनातील फेरबदलांना मर्यादा घालते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करता येणार नाही, असे स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. पिवळ्या पाटीच्या गाडीला ठरावीक मुदतीने पासिंग करावे लागते, त्यामुळे तिच्या मालकाला हे अधिक जाणवते.

त्यामुळे इथले अनेकजण उलटूनपालटून घेता येईल एवढाच बदल करतात. त्या दुपारी दुकानात दुसरी एक पिकअप आली होती. दिवाळीत अस्तंब्याच्या यात्रेसाठी डोंगराच्या पायथ्यापर्यंत जायचे म्हणून तिच्या मालकाने वाढवलेले पाटे उतरवून घेतले, तारेने एकत्र बांधले, त्यावर खडूने ‘डावा’ आणि ‘उजवा’ असे लिहिले आणि केळीची कापणी लागली की पुन्हा चढवायचे म्हणून ते दुकानाच्या कोपऱ्यात ठेवून दिले.