पार्श्वभूमी : किडीचे पोटभाडेकरू

शहापूर-मुरबाडकडे भात निघाला की भेंडी लागते आणि भेंडीमागोमाग मावा, पांढरी माशी हजर होतात. फवारणी करताना आपण कीड मोजतो. तिच्या आतले पोटभाडेकरू, म्हणजे तिच्या शरीरात राहणारे सूक्ष्मजीव, कुणी मोजत नाही, जरी शास्त्राला त्यांची ओळख शंभर वर्षांहून जुनी आहे.

1910 मध्ये इटलीचे पिएरांतोनी आणि चेक संशोधक शुल्त्स यांनी वेगवेगळं काम करत एकच गोष्ट सांगितली : रसशोषक किडींच्या शरीरातला एक न उलगडलेला अवयव म्हणजे सूक्ष्मजीवांची वस्ती. पुढे जर्मनीच्या पॉल बुखनर यांनी यात हयात घालवली. माव्यातल्या जिवाणूला 1991 मध्ये त्यांचंच नाव मिळालं, बुखनेरा. झाडाचा रस म्हणजे बहुतांशी साखरपाणी. त्यात कमी पडणारी अमिनो आम्लं हा जिवाणू पुरवतो आणि आईकडून पिल्लांत उतरतो. प्रतिजैविकाने तो मारला की माव्याची वाढ खुंटते, वीणही कोलमडते. पण शिवारात प्रतिजैविकं फवारणं हा उपाय नव्हे. माणसाच्या औषधांना दाद न देणारे जंतू त्यातून वाढतील.

दुसरी वाट डासांतून आली. 1924 मध्ये डासात वोल्बाखिया सापडला. हा जिवाणू असलेल्या नराचा तो नसलेल्या मादीशी संग झाला तर अंडी फुकट जातात. दोघांत त्याचे वेगवेगळे प्रकार असले, तरी असं घडू शकतं. याच विसंगतीवर 1967 मध्ये संशोधक लाव्हेन यांनी बर्मातल्या ओक्पो गावात असे न जुळणारे नर मोकळे सोडले आणि क्युलेक्स डास संपवून दाखवले. शेतीपर्यंत ही युक्ती यायला अर्धशतक गेलं. 2020 मध्ये चिनी संशोधकांनी दुसऱ्या तुडतुड्यातला वोल्बाखिया भातावरच्या तपकिरी तुडतुड्यात बसवला. तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला आणि भाताच्या विषाणूचा प्रसारही घटला. ते सगळं प्रयोगशाळेत. कृषी सेवा केंद्रात विचारायला जाऊ नका.

मला मात्र 2012 चा जपानी शोध जास्त बोचतो. तिथला शेंगांवरचा ढेकूण आपला बुरखोल्डेरिया जिवाणू आईकडून घेत नाही, दर पिढीत मातीतून उचलतो. फेनिट्रोथिऑन या कीटकनाशकाचा मारा वारंवार झालेल्या मातीत ते औषध पचवणारे बुरखोल्डेरिया माजले, आणि ते पोटात घेतलेल्या ढेकणांवर फवारा चालेना. म्हणजे किडीच्या स्वतःच्या जनुकांत काहीही न बदलता, एका पिढीत प्रतिकारशक्ती.