जनुक कुठे आणि केव्हा जागं होतं: भ्रूणविकासाच्या सामायिक नोंदींची पार्श्वभूमी

साडेदहा दिवसांचा उंदराचा गर्भ जेमतेम काही मिलिमीटरचा असतो. पुढचा पाय म्हणजे अजून नुसता कोंब. 'सॉनिक हेजहॉग' या जनुकाचा आरएनए (जनुक जागं झालं की बनणारी त्याची नक्कल) हुडकणारी प्रक्रिया या गर्भावर केली, की कोंबाच्या एकाच कडेला, पुढे जिथे करंगळी येणार त्या बाजूला, जांभळा डाग उमटतो. बाकी कोंब कोरा. बोटांचा क्रम ठरवणारा संदेश याच जागेतून निघतो, हे १९९३ साली पुढे आलं.

किरणोत्सर्गी द्रव्य न वापरता अख्खा गर्भ असा रंगवण्याची पद्धत १९८९ मध्ये फळमाशीवर दाखवली गेली, आणि मग चित्रांचा पूरच आला. पण ती चित्रं ज्या त्या शोधनिबंधात पडून राहिली. डीएनएच्या क्रमांसाठी जेनबँक हा सार्वजनिक साठा १९८२ पासून होता, कारण क्रम म्हणजे चार अक्षरांची माळ. ती साठवणं सोपं. डागाला मात्र दोन प्रश्न चिकटलेले असतात: कुठे आणि केव्हा?

'केव्हा' वाटतं तितकं सोपं नाही. एकाच विणीतली पिल्लंसुद्धा वाढीत मागेपुढे असतात. म्हणून उंदरासाठी दिवस न मोजता शरीराची लक्षणं पाहून ठरवलेल्या थायलर यांच्या अवस्था (१९७२) वापरतात. झेब्राफिशच्या १९९५च्या कोष्टकात तास आहेत, पण ते २८.५ अंश सेल्सिअसच्या पाण्यातले. पाणी गार असेल तर वाढ मंदावते आणि तास चुकतात.

'कुठे' त्याहून अवघड. एकाने 'पायाचा कोंब' लिहिलं, दुसऱ्याने 'कोंबाची मागची कड', तर दुसरी जागा पहिलीच्या पोटात आहे हे संगणकाला कोण सांगणार? त्यासाठी अवयवांच्या नावांची वंशावळच मांडावी लागली. अमेरिकेतल्या बार हार्बरची जॅक्सन लॅबोरेटरी आणि स्कॉटलंडमधल्या एडिनबराचे संशोधक यांनी उंदराच्या अशा सामायिक डेटाबेसचा आराखडा १९९४ मध्ये 'सायन्स' या शोधपत्रिकेत मांडला. एडिनबराने गर्भाचे त्रिमितीय नमुने उभारून त्यांवर डाग बसवले. तो साठा म्हणजे ईमेज. बार हार्बरच्या जीएक्सडी या डेटाबेसमध्ये जाणकार संपादक शोधनिबंध वाचून एकेक निरीक्षण ठरलेल्या नावांनी नोंदवतात. 'इथे हे जनुक आढळलं नाही' हेही ते टिपतात, आणि मला हे काम फार मोलाचं वाटतं. कोरी जागा तपासून कोरी निघाली की कुणी पाहिलंच नाही, हे त्याशिवाय कळायचं कसं?

पुढे मायक्रोअ‍ॅरे आले. हे म्हणजे हजारो जनुकांचे तुकडे बसवलेल्या छोट्या पट्ट्या. त्यांच्या नोंदींसाठी २००० मध्ये जिओ हा साठा उघडला आणि २००१ मध्ये कोणती माहिती द्यायलाच हवी याचे नियम ठरले. या पद्धतीत हजारो जनुकं एकदम मोजता येतात, पण ऊतक कुटून आरएनए काढावा लागतो, त्यामुळे नेमकी जागा हरवते. ती जपण्यासाठी युरोपातल्या प्रयोगशाळांनी मिळून साडेचौदा दिवसांच्या गर्भात १८ हजारांहून अधिक जनुकं एकेक करून तपासली; हा युरेक्सप्रेस नकाशा २०११ मध्ये आला.

आता सुट्या पेशींतला आरएनए मोजता येतो. पण त्यासाठी गर्भाच्या पेशी आधी एकमेकींपासून सोडवलेल्या असतात, आणि पेशींचा एखादा गट कोंबाच्या कोणत्या कडेचा हे ओळखायला संशोधक आजही त्या जांभळ्या डागांच्या नोंदी उघडतात.